गिरणगाव, चोरबाजार आणि आमचे बिडाचे टेबल

हल्ली कुणाकडे वास्तुशांतीला गेलात की एक शब्द हमखास कानावर पडतो, ‘इंडस्ट्रियल लुक’. एका भिंतीला गिलावाच केलेला नसतो, विटा तशाच दिसत असतात. पाण्याच्या पाइपांवर फळ्या टाकून पुस्तकांची मांडणी केलेली असते. काळ्या लोखंडी पायांवर जाडजूड, खडबडीत फळी ठेवली की झाले जेवणाचे टेबल. यजमानीणबाई त्याची किंमत सांगतात आणि आपण घाईघाईने चहाचा घोट घेतो. त्या वेळी माझ्या मनात जे आले तेच तुमच्याही मनात येत असेल, की बाई गं, असले लोखंड तर आपल्या माळ्यावर कधीचे पडून आहे!

ही फॅशन आली कुठून, हे मला आधी ठाऊक नव्हते. शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते म्हणून मुळाशी जायची खोड. न्यूयॉर्क शहरात सोहो नावाचा एक भाग आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात बिडाच्या खांबांच्या मोठमोठ्या इमारती बांधल्या होत्या. त्यांत गोदामे आणि कापडाचे कारखाने असत. कारखाने तिथून उठले, इमारती ओस पडल्या आणि १९६० च्या सुमारास गरीब चित्रकार-शिल्पकार स्वस्तात जागा मिळते म्हणून तिथे जाऊन राहू लागले. उंच छत, मोठ्या खिडक्या, उघडे पाइप. झाकायला पैसे नव्हते, म्हणून उघडेच राहिले. १९७१ साली त्यांना तिथे राहायची कायद्याने मुभा मिळाली, मागोमाग पैसेवाले आले आणि नाइलाजाची झाली फॅशन! फ्रान्समध्येही तसेच. तिथल्या ओताँ गावच्या झेव्हिए पोशार या माणसाने १९३४ च्या सुमारास जस्त चढवलेल्या पत्र्याची एक खुर्ची काढली, ती आज प्रत्येक कॉफीच्या दुकानात दिसते. आपल्याकडे काय कमी होते म्हणा! गोदरेजने १९२३ सालीच पोलादी कपाटे करायला घेतली होती. पण ते कपाट आपण लग्नात घेतो, त्यावर लाकडासारखा रंग मारतो आणि लोखंड दिसू नये म्हणून वर झालर लावतो.

आमच्या घरी हा विषय निघाला तो मुलीच्या टेबलापायी. आठवीत गेली आणि अभ्यासाला स्वतंत्र टेबल हवे म्हणाली. मोबाइलवर तिने एक चित्र दाखवले. शिलाई मशीनचा जुना बिडाचा स्टँड, त्यावर सागवानी फळी. दिसायला छान होते, किंमत विचारू नका. आमचे हे लगेच म्हणाले, “आईचं मशीन आहे की! कुठे चालवते आता ती?” सासूबाई तिथेच गवार निवडत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. उठून मशीनजवळ गेल्या, त्यावरचे कापडाचे आवरण नीट ओढून घेतले आणि परत येऊन गवार निवडू लागल्या.

त्या मशीनची गोष्ट सांगायला हवी. आमचे मामंजी मुंबईला एका कापड गिरणीत साचे खात्यात होते. साचा म्हणजे माग. एकोणिसाव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन गेले, आधी बदलीवर, मग कायम. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार कामावरून उतरले. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही असे म्हणतात. गिरण्या एकेक करून थंड होत गेल्या. मामंजी वर्षभर वाट पाहून तीच ट्रंक घेऊन परत आले. त्याच वर्षी ह्यांचा जन्म. मग सासूबाईंनी माहेरच्या एका बांगडीवर हे मशीन घेतले आणि पुढची वीस वर्षे झंपर, परकर, शाळेचे गणवेश शिवून घर ओढले. तेव्हा त्या आवरण ओढून बसल्या म्हणजे काय, ते मला सांगावे लागले नाही. ह्यांना रात्री सांगावे लागले.

म्हणून ठरले की दुसरा स्टँड आणायचा आणि त्यासाठी मुंबईला जायचे. आमच्या थोरल्या वन्सं काळाचौकीला राहतात, त्यांच्याकडे दोन दिवस मुक्काम. मामंजींना म्हटले, “तुम्हीही चला, लोखंडातलं तुम्हाला कळतं.” ते आधी नको म्हणाले. मग आदल्या रात्री टोपी धुऊन वाळत घातलेली दिसली. एसटीने निघालो. २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट, मामंजींना पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट, तेव्हा प्रवासखर्चाची बाजू लंगडी नव्हती.

पहिल्या दिवशी वन्सं हौसेने आम्हाला लोअर परळला घेऊन गेल्या. एका जुन्या गिरणीच्या आवारात आता उपाहारगृहे आणि कचेऱ्या आहेत. “तुला तो लुक बघायचाय ना, मग इथे बघ,” म्हणाल्या. तुमच्यापैकी ज्यांनी हा भाग जुना पाहिला असेल त्यांना तो ओळखू येणार नाही. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावरांनी १८५४ साली काढली आणि ती ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी असा सारा पट्टा गिरणगाव झाला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जागा दुसऱ्या कामाला वापरायची वाट उघडली, २००१ साली तीत बदल झाले आणि मग उंच इमले आणि मॉल उभे राहिले. काही ठिकाणी चिमणी तेवढी तशीच ठेवली आहे. मूर्तीशिवायच्या देवळाच्या कळसासारखी वाटते.

आत गेलो. खरे सांगते, जागा सुरेख होती. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे, उभ्या बाजूला काचा. लोखंडी खांब, त्यांवर काळा रंग. भिंतीवर धोटे टांगलेले. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारे, दोन्ही टोकांना पोलाद बसवलेले ते लाकडी होडके. एका काचेच्या बरणीत रंगीत सूत गुंडाळलेल्या बॉबिनी ठेवल्या होत्या. आम्ही कॉफी मागवली. मामंजी खुर्चीवर बसलेच नाहीत. मान वर करून छपराकडे पाहत राहिले.

“काचा उत्तरेला आहेत बघ,” ते म्हणाले. “ऊन आत येत नाय, उजेड येतो. उन्हाची तिरीप सुतावर पडली तर डोळे दिपतात, तुटलेला धागा दिसत नाय.” आमच्या मुलीने विचारले, “आजोबा, आणि हा खांबावरचा लोखंडी हात कशाला?” तर म्हणाले, “त्याच्यावर दांडा फिरायचा. दांड्यावरनं पट्टा खाली. एक इंजिन, त्याच्यावर सगळं खातं चालायचं. ते माझ्याही आधीचं. आमच्या वेळी मोटारी आल्या होत्या.” शेजारच्या टेबलावरची दोन तरुण मुलेही कान देऊन ऐकू लागली. मग मामंजींनी भिंतीवरचा धोटा काढायला हात पुढे केला, तो खिळ्याने पक्का ठोकलेला निघाला. त्यांनी हात मागे घेतला. “कान फुटायचे इथं,” एवढेच म्हणाले. बिल आले तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. अजून त्यांच्या डायरीत आहे. त्याच डायरीत गिरणी कामगारांच्या घराच्या सोडतीसाठी भरलेल्या अर्जाची पावतीही आहे.

बाहेर आल्यावर वन्संना वाटले, बाबांना आणायला नको होते. मला तसे वाटले नाही. परतताना त्यांनी स्वतः होऊन कुठे कुणाची खानावळ होती ते दाखवले. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळवालीकडे जात. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे मला ठाऊक होते. पण कालवण सांडले म्हणून मामंजींना पुन्हा फुकट वाढणारी बाई कोणत्या गल्लीत राहत होती, हे कुठल्या पुस्तकात असणार? तिथे आता गाड्या ठेवायची तीन मजली सोय आहे.

दुसऱ्या दिवशी चोरबाजार. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तो पहाटेचा आणि पुरुषांच्या गर्दीचा. नावाबद्दल असे सांगतात की मूळ नाव शोर बाजार, म्हणजे गलक्याचा बाजार, साहेबाच्या तोंडी त्याचे चोर झाले. चिंचपोकळीहून लोकलने भायखळ्यानंतरचे सँडहर्स्ट रोड स्टेशन, तिथून चालत. साधी साडी किंवा ड्रेस, पायांत बंद चपला, खांद्याला घट्ट पिशवी आणि बरोबर पाण्याची बाटली, एवढे असले की झाले.

मटण स्ट्रीट म्हणजे अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना छोटी दुकाने, आणि दुकानातले निम्मे सामान बाहेर. फोनोग्राफचे पितळी कर्णे, सिनेमाची जुनी पोस्टरे, घड्याळे, झुंबरे, काचेच्या हंड्या. जहाजावरचे पितळी दिवे आणि गोल खिडक्या दिसल्या. रे रोडजवळ दारूखान्याला जहाजे तोडतात, त्या धंद्याशी या बाजाराचे जुने नाते. मी एका दिव्याकडे दोनदा पाहिले तर दुकानदाराने किंमत सांगायच्या आधी चहा सांगितला. चहा प्यायला हरकत नाही, पण चहा प्याला म्हणून वस्तू घ्यायची नाही!

आता कामाचे सांगते. जुने म्हणून दाखवलेले सगळे जुने नसते. नव्या लोखंडाला आम्ल लावून गंज चढवता येतो. असा गंज सगळीकडे सारखा, नारिंगी असतो. खरा जुना गंज काळपट असतो आणि जिथे हात-पाय लागले असतील तिथे गुळगुळीत. ‘ऐंशी वर्षांपूर्वीचे’ म्हणून सांगितलेल्या पेटीला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर समजा की कुणीतरी अलीकडे हात फिरवला आहे. लाकडाच्या वस्तूला भोके असतील तर ती कागदावर ठेवून आपटून बघा. पिठासारखा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, ती वस्तू फुकट दिली तरी घरी आणायची नाही. आणि खुर्चीच्या सांध्यांत ढेकूण बघायला लाजू नका, दुकानदार रागावत नाही.

बिडाची पारख मामंजींनी शिकवली. बीड हे ओतलेले लोखंड, वजनाला भारी पण ठिसूळ. हातोड्याने वाकत नाही, तुटते. आणि तुटलेले साध्या वेल्डिंगने नीट धरत नाही, त्याला वेगळ्या कांड्या आणि जाणता कारागीर लागतो. म्हणून चीर असलेला स्टँड घ्यायचा नाही. चीर रंगाखाली लपते. मामंजींनी खिशातून नाणे काढून स्टँडच्या प्रत्येक पायावर टिचकी मारली. खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर चीर. तीन स्टँड बद्द निघाले. चौथा घेतला. दुकानदार साडेचार हजार म्हणाला, मी दोन हजार म्हटले, मामंजी काहीच न बोलता दुसऱ्या दुकानाकडे चालू लागले आणि अठ्ठावीसशेला जमले. स्टँडचे स्क्रू काढून त्याने चार तुकडे करून दिले, म्हणून तो एसटीच्या पोटात मावला. घरी आल्यावर लक्षात राहावे म्हणून प्रत्येक सांध्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो फार उपयोगी पडला. ज्यांना अख्खे लाकडी सामान हवे असेल त्यांनी जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात जावे. तिथे पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे, खांब, पलंग असे मोठे सामान मिळते. सातारसारख्या गावात तर वाडा पाडणाऱ्या ठेकेदारालाच गाठावे. आमची फळी तशीच आली. शनिवार पेठेतल्या एका पडलेल्या वाड्याच्या दाराची, दीड इंच जाड, अस्सल सागवान.

घरी काम करायला आम्हाला चार रविवार लागले. पहिला रविवार नुसत्या साफसफाईत गेला. आधी कोरडा ब्रश, मग धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी, मग कडक ऊन. गंजून बसलेल्या नटांना आदल्या रात्री रॉकेल लावून ठेवायचे, सकाळी पाना फिरतो. हल्ली रॉकेल मिळत नाही तिथे गंज सोडवायच्या तेलाचा फवारा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मग तारेचा ब्रश. छोटे भाग, म्हणजे स्क्रू, वॉशर, खिट्ट्या, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले की गंज सुटतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच पुसून उन्हात ठेवायचे, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतात.

इथे एक गोष्ट जपून. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, नाकातोंडाला चांगला मास्क लावायचा, खाली जुनी ताडपत्री अंथरायची आणि निघालेला चिखल गोळा करून बांधून टाकायचा. अंगणात तुळस असेल तर तिच्यापासून लांब. मुलीला त्या दिवशी मी मैत्रिणीकडे पाठवले होते आणि काम झाल्यावर आमचे कपडे वेगळे धुतले.

रंगाचे सोपे आहे. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, एक रात्र वाळू द्यायचा, मग काळ्या रंगाचे दोन पातळ हात. रंग मॅट घ्या. चकचकीत काळा दिला की स्टँड घराच्या जिन्याच्या कठड्यासारखा दिसतो. मामंजींचा रंगालाच विरोध होता. “लोखंडाला तेल लावायचं, रंग कशाला?” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. नुसते घासून वर मेणाचा हात फिरवला तर लोखंडाचा करडा रंग फार सुंदर दिसतो. पण साताऱ्याच्या पावसात दर महिन्याला मेण कोण लावणार? शेवटी पाय काळे केले आणि चाक तेवढे त्यांच्या मनासारखे बिनरंगाचे ठेवले. त्याला तेच मेण लावतात.

फळीसाठी पहिले काम खिळे काढणे. जंबुराने एकेक खिळा काढताना फळीखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे वण पडत नाही. सुताराने विचारले, रंधा मारून देऊ का? मी नको म्हटले. रंधा मारला की नवी फळी आणि जुनी फळी यांत फरक काय उरला? कडीच्या घासण्याचा अर्धगोल वण आणि कुणी तरी कोरलेली दोन अक्षरे आम्ही तशीच ठेवली. लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासायचे, आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, मग १८०. हात फिरवताना साडीचा पदर कुठे अडकत नाही ना, ते पाहायचे. वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात कापडाने दिले. या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते, ही ऐकीव गोष्ट नाही. चिंध्या पाण्यात भिजवून किंवा दोरीवर पसरून वाळवून मगच टाका. आणि फळी स्टँडला घट्ट आवळायची नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. लोखंडाच्या पट्टीतली भोके जरा लांबट करून घेतली की स्क्रूला सरकायला जागा राहते, नाहीतर फळी फाटते. फळी दोन्ही बाजूंना फार बाहेरही काढू नका. आमची साडेतीन फूट आहे. त्याहून लांब झाली तर कडेला कुणी हात टेकताच टेबल उलटेल.

पायट्याचे काय करायचे? मुलीला तो हलता हवा होता. घरात रांगते मूल असेल तर तारेने बांधून टाका, चाकात बोट जाते. आमच्याकडे आता तसे कुणी नाही, म्हणून ठेवला. पट्टा मात्र काढला.

त्याच झपाट्यात पाइपांची एक मांडणीही केली. अर्ध्या इंची जस्ताचे पाइप, एल्बो आणि भिंतीला लावायच्या फ्लँजा नळाच्या दुकानात मिळतात. माप नेले की तो पाइप कापून आटे पाडून देतो. आटे पाडताना लावलेले तेल टर्पेंटाइनने पुसून काढा, नाहीतर पुस्तकांना डाग पडतात. जस्तावर साधा रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात, म्हणून तो तसाच करडा ठेवलेला बरा. आणि जस्ताच्या पाइपाला घरात वेल्डिंग करू देऊ नका, त्याचा धूर वाईट. जुन्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत फ्लँज धरत नाही, तिथे हा नाद नकोच. मालाच्या खोक्यांचे लाकूड फळ्यांसाठी स्वस्त पडते. त्यावर शिक्का पाहून घ्या. इंग्रजी ‘एचटी’ असेल तर ते लाकूड नुसते तापवलेले, चालेल. ‘एमबी’ असेल तर विषारी धूर दिलेले, ते घरात नको. दिव्याचे काम वायरमनलाच द्या. धातूच्या दिव्याला अर्थिंग लागते.

एक मत सांगू? सगळे घर असे करू नये. काळ्या लोखंडावर धूळ दिसते आणि बिडाच्या नक्षीत ती अशी बसते की जुना टूथब्रश घेऊन बसावे लागते. लोखंडी खुर्ची पौषात गार, वैशाखात तापलेली. करून घ्यायचीच असेल तर कारागिराला प्रत्येक कड कानशीने मारायला सांगा, एका टोकाने नवी साडी जाते. पायांखाली रबरी बुशे घाला, फरशी वाचते. एखादे टेबल, एखादी मांडणी, बस.

राहिली ट्रंक. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात मामंजींचे नाव आणि खाली गिरणीतला त्यांचा बिल्ला नंबर. मला ती खरवडून करडी करायची होती, खाली चाके लावायची होती आणि दिवाणखान्यात बसायला ठेवायची होती. मामंजी म्हणाले, “चाकं लाव. नाव राहू दे.” मग बाहेरून फक्त ओल्या फडक्याने पुसली, गंज होता तिथे मेण लावले, तळाशी प्लायवुड ठोकून चार चाके बसवली. आतून घासून प्रायमर दिला, जाड खाकी कागद लावला, कडुनिंबाचा पाला घातला. त्यात आता रजया असतात. पाहुणे तिच्यावर बसतात आणि नंबर कसला म्हणून विचारतात. मामंजी कधी सांगतात, कधी ऐकू न आल्यासारखे करतात.

आणि सासूबाईंचे मशीन? ते होते तिथेच आहे. टेबल आणले त्या दिवशी त्यांनी ते चहूबाजूंनी पाहिले, पायट्यावर पाय ठेवून दोनदा हलवला आणि म्हणाल्या, “हलकं आहे. माझं जड चालतं.” चौथ्या दिवशी शेजारच्या सुनेला आपल्या मशीनला तेल घालायला बसवले. नव्या टेबलाची उंची कापड बेतायला अगदी बरोबर आहे, जमिनीवर बसून गुडघे दुखत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले आणि खडू, पट्टी, कात्री तिथे आली. सध्या गल्लीतल्या तीन मुली त्यांच्याकडे झंपर बेतायला शिकतात. आमच्या मुलीला तिचे टेबल दुपारी चारनंतर मिळते.